छायाचित्रे सुधारताना लॅपटॉप का तापतो?

लग्नसराई आणि वैशाखातला उन्हाळा बरोबरच येतात. छायाचित्रकाराच्या टेबलावर दोन-तीन हजार छायाचित्रे निवडीसाठी पडलेली असतात, अल्बम देण्याची तारीख ठरलेली असते आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉप अडून बसतो. पंखा घरघरू लागतो, की-बोर्डवर हात ठेववत नाही आणि ब्रश फिरवल्यानंतर त्याची खूण पडद्यावर रेंगाळत उमटते. 'मशीन जुने झाले' असे समजून नवे घेण्याची किंवा दुकानदाराच्या सल्ल्यावरून ते फॉरमॅट करून घेण्याची घाई बहुधा येथेच होते. वास्तविक तापणे आणि मंदावणे या दोन तक्रारी एकत्र दिसत असल्या तरी त्यांचे कारण एकच असते असे नाही. ते वेगळे ओळखता आले तर बराच खर्च टळतो.

पत्र टाइप करताना किंवा बातम्या वाचताना प्रोसेसर बहुतांश वेळ स्वस्थ असतो. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो रॉ फाइल्सचे जेपेगमध्ये रूपांतर सुरू केले, की मात्र त्याचे सर्व कोअर कित्येक मिनिटे अखंड राबतात. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली 'डीनॉइज' सुविधा हाच भार ग्राफिक्स प्रोसेसरवर टाकते. पातळ लॅपटॉपमध्ये या दोन्ही प्रोसेसरची उष्णता अनेकदा एकाच तांब्याच्या नळीतून बाहेर नेली जाते. या नळीत थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला तिचे पुन्हा पाणी होते आणि तेथील पातळ पत्र्यांमधून पंखा वारा सोडतो. रचना नामी आहे, पण खोलीतील हवेपेक्षा यंत्र थंड करणे तिला शक्य नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की हिवाळ्यात सुरळीत चालणारा लॅपटॉप कुरकुर करू लागतो तो यामुळेच.

लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की जळून जाण्याऐवजी प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नव्हे, बचाव आहे. अर्थात महागड्या यंत्रांतही तो चुकू शकतो. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलने आणलेल्या कोअर आय-९ प्रोसेसरच्या मॅकबुक प्रोचा वेग जड कामात अपेक्षेपेक्षा फारच घसरत असल्याचे उघड झाले. उष्णता नियंत्रणाच्या फर्मवेअरमध्ये त्रुटी असल्याचे मान्य करून कंपनीला त्याच महिन्यात सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली.

मंदावण्याचे दुसरे कारण मेमरीत दडलेले असते. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र १६ बिटमध्ये उघडले, तर तीन रंगांचे प्रत्येकी दोन बाइट धरून त्याला सुमारे १४४ एमबी जागा लागते. त्याच्या पूर्ण प्रतीचे दहा लेअर केले की आकडा दीड जीबीच्या घरात जातो. मागे जाता यावे म्हणून फोटोशॉप जपून ठेवते त्या पूर्वीच्या पायऱ्यांची जागा वेगळीच. मेमरी संपली की सॉफ्टवेअर डिस्कचा आधार घेते आणि सारे काम रांगू लागते. येथे पंखा साफ करून काहीही साधत नाही.

निदान घरीच करता येते. काम आरंभी वेगाने होऊन काही मिनिटांनी मंदावत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. थंड यंत्रावरही मोठी फाइल उघडताच अडखळत असेल तर मेमरीवर. फोटोशॉपच्या खिडकीत तळाशी 'एफिशियन्सी' हा आकडा दाखवता येतो. तो १०० टक्क्यांच्या खाली जात असेल तर मेमरी अपुरी पडते आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वापर १०० टक्के दिसत असूनही प्रोसेसरचा वेग त्याच्या मूळ वेगापेक्षाही खाली उतरलेला असेल, तर अडचण बहुधा उष्णतेची. सुरुवातीचा वाढीव वेग ओसरून मूळ वेगावर येणे मात्र स्वाभाविक आहे.

उष्णतेवरचा पहिला इलाज फुकट आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. हवा आत घेण्याच्या झडपा बऱ्याचदा तळाशीच असतात. मागची बाजू इंचभर उचलली तरी फरक पडतो. वर्ष-दोन वर्षांत पत्र्यांवर धुळीची घट्ट लादी जमते. ती हवेच्या झोताने काढताना पंख्याचे पाते धरून ठेवावे, अन्यथा ते बेफाम फिरून पंखा निकामी होऊ शकतो. बऱ्याच वर्षांच्या यंत्रात प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे. वॉरंटी शिल्लक असल्यास आधी तिच्या अटी पाहाव्यात.

मेमरीची अडचण असेल तर पूर्ण प्रतींऐवजी अ‍ॅडजस्टमेंट लेअर वापरणे, जुन्या पायऱ्यांची संख्या घटवणे आणि ब्राउझरचे डझनभर टॅब बंद करणे एवढ्यानेही पुष्कळ जागा मोकळी होते. रॅम वाढवण्याचा विचार त्यानंतर. मात्र अलीकडच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळीच १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये.

तापणाऱ्या लॅपटॉपचा टचपॅड उचललेला दिसू लागला किंवा तळ फुगला, तर प्रश्न वेगाचा उरत नाही. ती बॅटरी फुगल्याची खूण असू शकते. असे यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जिंगला लावू नये आणि बॅटरी दाबून किंवा टोचून पाहण्याच्या फंदात न पडता ते सेवा केंद्रात न्यावे.