तळटीप : ‘हात लावताच गाडी बोंबलली’

* ‘हात लावताच गाडी बोंबलली’ : नुसत्या स्पर्शाने मोटारीचा अलार्म सहसा वाजत नाही. दारे, बॉनेट व डिकी यांना बारीक स्विच असतात. रिमोटने गाडी लॉक केल्यावर त्यांपैकी काहीही उघडले, की नियंत्रक भोंगा वाजवतो आणि इंडिकेटर लुकलुकवतो. काचेवरचा आघात टिपायला धक्क्याचा सेन्सर असतो. तो फार संवेदनशील ठेवला तर शेजारून ट्रक गेला तरी बोंब होते. येथेही सेन्सर तसाच ठेवलेला असावा. काही गाड्यांत कल मोजणारा सेन्सरही असतो. चाके काढण्यासाठी गाडी उचलली तर त्याला कळते. बॅटरीची वायर तोडून आवाज बंद पाडता येऊ नये म्हणून चांगल्या भोंग्याला स्वतःची छोटी बॅटरी दिलेली असते. अलार्म मात्र फक्त ओरडतो, गाडी अडवत नाही. ते काम इमोबिलायझरचे : किल्लीतल्या चिपचा संकेत जुळला नाही, तर इंजिन चालूच होत नाही. युरोपीय संघात नव्या मोटारींना तो १९९८पासून सक्तीचा झाला. कथेतली गाडी त्याआधीची असल्याने, तारा जोडून ती पळवणे चोराला जमते. — संपा.