जवळचा भूगोल उशिरा: मार्गासनी, मावळ आणि नकाशांचा इतिहास

पुणे-सातारा महामार्ग सोडून नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हे गाव आहे, आणि राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवण्याकडे जाणारा फाटा येथूनच फुटत असल्याने पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांना गावाचे नाव चांगले परिचित आहे. हा सारा मुलूख बारा मावळांपैकी. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे उतरणाऱ्या दोन डोंगररांगांमधील नदीखोरे, ज्याचा महसूल आणि बंदोबस्त शिवपूर्वकाळापासून देशमुख घराण्यांकडे असे. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, हिरडस मावळात बांदल आणि रोहिड खोऱ्यात जेधे व खोपडे, अशी ही वाटणी होती. त्या काळी येथे भूगोल जाणणे याचा अर्थ वाटा जाणणे असाच होता. धारेवरून कोकणात उतरणारी रुळलेली वाट म्हणजे घाट, दोन कड्यांमधील जी घळ पावसाळ्यात पाण्याची आणि उघडिपीत माणसांची ती नाळ, आणि जेथे शिडी लावल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही ती निसणी. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील मढे घाट, उपांड्या घाट, बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ या वाटांचे ज्ञान वापरणाऱ्यांच्या पायांत आणि स्मरणात होते. कोणत्या महिन्यात कोणती वाट मोडते, पाणी कोठे मिळते, लादलेले जनावर कोठून उतरत नाही, हे सारे त्यात येई.

हे ज्ञान कागदावर उतरले नाही, याचा दोष केवळ वाटसरूंच्या निरक्षरतेला देणे अन्यायाचे होईल, कारण वाट ठाऊक असणे हे सामर्थ्य होते आणि सामर्थ्य जाहीर करण्याची रीत कोणत्याच राज्यात नव्हती. राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी सुमारे पाव शतक राहिली, त्यामागे गडाच्या बेलाग माच्यांइतकाच या वाटांच्या जाळ्याचाही वाटा होता.

दूरच्या जगाचा भूगोल मात्र मराठीत तुलनेने लवकर आणि काहीशा अनपेक्षित ठिकाणी अवतरला. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यकृतीत पृथ्वीवरील खंडांचे आणि देशांचे वर्णन आणले. कुरवंजी हा दक्षिणेतील नृत्यनाट्याचा प्रकार असून त्यात डोंगरात राहणारी, गावोगाव फिरून भविष्य सांगणारी स्त्री प्रमुख पात्र असते. ज्या पात्राने एरवी नायिकेचे भाकीत सांगायचे, त्याच्या तोंडी सरफोजींनी जगाचा भूगोल घातला. युरोपीय ग्रंथांतून आणि नकाशांतून मिळवलेली माहिती लोकांच्या ओळखीच्या नाट्यरूपात गुंफण्याची ही युक्ती पुढच्या कित्येक रूक्ष पाठ्यपुस्तकांपेक्षा निश्चितच चतुर होती. तंजावरच्या दरबारात मराठीतून दूरची खंडे वर्णिली जात होती, तेव्हा मढे घाटाचे अचूक रेखाटन मराठी वाचकाला कोठेही उपलब्ध नव्हते, ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील दोन शतके ती या ना त्या रूपात टिकून राहिली.

विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, त्याचे तत्त्व सोपे होते: एका त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असतील तर उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, आणि अशा त्रिकोणांची साखळी शिखरांवरून पुढे नेत संपूर्ण देश मोजता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने या चौकटीत समोच्च रेषांचे, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचे, तपशीलवार नकाशे तयार केले. तथापि हे नकाशे होते सरकारच्या आणि सैन्याच्या कामाचे. १९६७ च्या धोरणानुसार सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणावरचे नकाशे निर्बंधित ठरले, आणि वेल्हे तालुक्याचा घाटमाथ्याकडील भाग किनाऱ्यापासून एवढ्या अंतराच्या आतच येतो. शाळेत याच काळात ‘जवळून दूर’ या तत्त्वावर भूगोल शिकवला जात होता. आधी परिसर आणि जिल्हा, मग राज्य, देश आणि शेवटी जग. क्रम उत्तम होता, परंतु जगाचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगलेला आणि समोरच्या डोंगराचा नकाशा सरकारी कपाटात, अशी स्थिती असल्याने तो प्रत्यक्षात उलटाच झाला.

इंटरनेटवरील साधनांचे ऐतिहासिक महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. सामान्यतः असे मानले जाते की या साधनांनी खेड्यातील विद्यार्थ्यापुढे जग आणून ठेवले. ते खोटे नाही, पण जगाची ओळख पुस्तकांनी आधीच करून दिली होती. खरा बदल जवळच्या भूगोलात झाला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठीचे आणि सर्वांसाठीचे असे दोन वेगळे नकाशासंच केले. त्याच वर्षी गूगल अर्थ आले, २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ सुरू झाले, आणि २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने खुल्या संचातील १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून नागरिकांना विनामूल्य उतरवून घेऊ दिले.

तरीही पडद्यावरचा सह्याद्री डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नाही. उपग्रहचित्रात पावसाळ्याचे चार महिने ढग असतात, उघडिपीत झाडीचे छत आणि कड्यांच्या सावल्या वाट झाकतात. उंचीची जी माहिती अनेक संगणकीय नकाशे वापरतात, तिचा मोठा भाग फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारने केलेल्या मोजणीतून आला. ती दीर्घकाळ सुमारे ९० मीटर बाजूच्या चौकोनांत उपलब्ध होती आणि पुढे सुमारे ३० मीटरच्या चौकोनांत खुली झाली. अशा एका चौकोनाला एकच उंची मिळत असल्याने अरुंद घळ आणि तिच्या शेजारचा कडा यांची सरासरी होते, आणि जी नाळ चालणाऱ्याची छाती दडपते ती पडद्यावर सौम्य उतार म्हणून दिसते. शिवाय रडारची किरणे तिरकी पडतात, त्यामुळे उभ्या कड्यामागे माहितीच्या पोकळ्या राहतात आणि त्या अंदाजाने भराव्या लागतात. म्हणूनच ऑनलाइन नकाशांवर आज दिसणाऱ्या बहुतेक घाटवाटा उपग्रहाने शोधलेल्या नाहीत. त्या गिर्यारोहकांनी हातातील जीपीएस यंत्रावर नोंदवून ओपनस्ट्रीटमॅपसारख्या सर्वांनी मिळून भरायच्या नकाशांवर चढवल्या, आणि त्यांतील अनेकांना वाट दाखवणारा त्याच खोऱ्यातला कोणी गावकरी होता, ज्याचे नाव नोंदीत क्वचितच येते. माहिती देणारा एक आणि नोंदवणारा दुसरा, हा प्रकार इंग्रजी सर्वेक्षकांच्या काळापासूनचा आहे.

जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे परदेशातील वाचकही आता हा मुलूख प्रथम पडद्यावरच पाहील. तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, मात्र जुन्या नकाशांत आणि बोलण्यात वेल्हेच आहे, म्हणून शोध घेणाऱ्याला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतात.

वाटा सरकारी कागदांवर मुळीच नाहीत असेही नाही. महसूल खात्याच्या गाव नकाशांवर गाडीवाट आणि पायवाट तुटक रेषांनी दाखवण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि या दृष्टीने ते स्थलदर्शक नकाशांपेक्षाही बारीक साधन म्हणता येईल. परंतु गाव नकाशा गावाच्या शिवेपाशी संपतो. मढे घाट किंवा बोराट्याची नाळ यांचा माथा पुणे जिल्ह्यात आणि पायथा रायगडच्या महाड तालुक्यात असल्याने एकाच वाटेचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत पडतात, आणि ते जोडून पाहायचे असतील तर अजूनही वाट माहीत असलेला माणूसच गाठावा लागतो.