तीन मिनिटांची तंदुरुस्ती : प्रस्तावना

विमानतळावर आपत्कालीन घंटा वाजली की पहिला बंब धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचून फोम मारू लागला पाहिजे, आणि शक्य असेल तर दोनच मिनिटांत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा हा दंडक आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ पेटले, तेव्हा ते जमिनीवरच होते आणि बंबही जवळ होते. तरीही ५५ माणसे गेली, त्यांतली ४८ विषारी धुराने. त्या दुर्घटनेनंतर आसनांच्या कापडावर आणि बाहेर पडण्याच्या दारांवर पुष्कळ लिहिले गेले. बंबातून उतरणाऱ्या जवानाच्या शरीरावर मात्र त्या मानाने फारच थोडे. ती उणीव भरून काढणाऱ्या या अभ्यासक्षेत्रात नव्या वाचकाचे मनापासून स्वागत आहे.

विमानतळावरच्या जवानाचा बहुतेक काळ सरावात आणि वाट पाहण्यात जातो. मग एका क्षणी शांत बसलेल्या हृदयाला अंगावरच्या वीसएक किलोंच्या सामग्रीसह पूर्ण ताकदीने धावावे लागते. हा धोका किती खरा आहे? अमेरिकेतल्या सर्वच अग्निशामकांचा १९९४ ते २००४ या काळातला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कर्तव्यावर असताना हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते. वर्षभराच्या कामात या कामाचा वाटा मात्र फक्त एक ते पाच टक्के असतो. म्हणून वैद्यकीय तपासणी ही भरतीच्या दारातली चाळणी आहे, ही समजूत प्रथम सोडावी लागते. ती जवानाच्या जिवासाठी आहे आणि नोकरीभर चालू राहायला हवी.

बारकावे पाहू लागले की विषय रंगत जातो. चष्म्याचेच घ्या. श्वसनयंत्राचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. चष्म्याची काडी किंवा दाढीचे खुंट मध्ये आले की फट राहते. मुखवट्याच्या आत दाब जास्त असल्याने हवा त्या फटीतून बाहेर जाते, आणि धुराने भरलेल्या केबिनमध्ये सिलिंडर वेळेआधी रिकामा होतो. डोळ्यांच्या निकषामागे, रोजच्या गुळगुळीत दाढीच्या नियमामागे हे कारण आहे. ते कळले की नियम जाचक वाटत नाही.

याउलट, उंची आणि छातीचे माप यांच्यामागे असे थेट कारण दाखवणे अवघड जाते. आपल्याकडच्या भरतीत ही मापे वर्षानुवर्षे आहेत. माझे मत असे की निकष कामातूनच काढावा: होज ओढणे, शिडी चढणे, बेशुद्ध माणसाला अरुंद वाटेतून बाहेर काढणे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी हीच वाट धरली. अग्निशामकांची खरी कामे मोजून त्यांनी शरीराला किलोमागे, मिनिटाला ४२.३ मिलिलिटर ऑक्सिजन वापरता यावा, असा निकष सुचवला. स्त्री असो वा पुरुष, आकडा एकच, कारण केबिनमध्ये अडकलेल्या प्रवाशाचे वजन दोघांसाठी सारखेच असते. भारतीय विमानतळ प्राधिकरणात पहिली महिला अग्निशामक २०१८ साली आली. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे.

सर्वांत कठीण प्रश्न पुढे येतो. पंचविशीत सहज पार केलेली चाचणी पन्नाशीच्या उंबरठ्यावर एखाद्या अनुभवी जवानाला जमली नाही तर? ब्रिटिश संशोधकांनी ४२.३ च्या खाली ३५.६ ही आणखी एक रेषा सुचवली. या दोहोंच्या मध्ये असलेल्या जवानाला घरी न पाठवता व्यायामाचा आखीव कार्यक्रम द्यायचा. त्याखाली घसरलेल्याला आगीपासून दूर ठेवून आधी सावरू द्यायचे. वैद्य, प्रशिक्षक, कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांचे सर्वाधिक वाद या मधल्या पट्ट्यावरच होतात. ज्यांना क्रमाने वाचायचा कंटाळा आहे, त्यांनी खुशाल तिथूनच सुरुवात करावी.