रणगाड्यांस आकाशाची साथ : छांब ते लोंगेवाला

आपल्या नगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, लष्कर काही नवे नाही. रणगाडा-दलाचे शिक्षणकेंद्र येथे १९४८ पासून आहे, आणि खारे-कर्जुने गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या के. के. रेंजवरील तोफांचे आवाज ऐकतच आमच्या दोन पिढ्या वाढल्या. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले सैन्यात गेली. तथापि रणगाडा कितीही बलाढ्य असला तरी तो एकटा लढत नाही, हे आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असते.

ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरच्या किल्ल्यासमोर तोफा मांडून तटावर मारा केला, आणि १२ तारखेस किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तोफांनी वाट मोकळी करावी व पायदळाने ती चालावी, अशी तेव्हाची रीत होती. विसाव्या शतकात तोफेचे हे काम काही अंशी विमानाकडे आले. जेथे तोफ पोहोचत नाही तेथे विमान पोहोचते. परंतु अडचण अशी की, वैमानिकास जमिनीवरील लढाई क्षणभरच दिसते, आणि धुराळ्यात आपला रणगाडा कोणता व परका कोणता, हे ओळखणे अतिशय कठीण असते. म्हणून पायदळाबरोबर बिनतारी यंत्र घेतलेला अधिकारी ठेवून वैमानिकास लक्ष्य सांगावे, धुराने खूण करावी, आणि आपली फौज कोठवर आहे ती रेषा आधीच ठरवावी, असे नियम झाले. हे नियम पाळले नाहीत तर काय होते, ते छांब येथे दिसून आले.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे पाकिस्तानने छांब क्षेत्रात रणगाड्यांनिशी चढाई केली. अखनूरचा पूल गेला असता तर पुढील प्रांतांची रसद तुटली असती. आपल्याकडे तेथे होते ते फ्रेंच बनावटीचे हलके रणगाडे. दुपारी उशिरा लष्करप्रमुख जनरल चौधरी व हवाईदलप्रमुख अर्जन सिंग हे संरक्षणमंत्र्यांकडे गेले. हे संरक्षणमंत्री म्हणजे आपल्या देवराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या चीन युद्धात लढाऊ विमाने वापरलीच नव्हती, आणि त्या पराभवानंतरच यशवंतराव दिल्लीस गेले होते. त्यांनी वेळ न दवडता संमती दिली, आणि त्याच सायंकाळी पठाणकोटहून व्हँपायर विमाने उडाली.

निर्णय योग्य होता. परंतु त्याची किंमत जबर पडली. जुन्या बनावटीची चार व्हँपायर विमाने परतली नाहीत. भागवागर, जोशी व भारद्वाज हे तीन फ्लाइट लेफ्टनंट कामी आले. शिवाय जमीन व आकाश यांच्यात संदेशवहन नीट नसल्याने आपल्याच काही रणगाड्यांवर मारा झाला. तरीही शत्रूचा वेग मंदावला. चालू लढाईत सेनापती बदलण्यात त्याने घालविलेला वेळही आपल्या पथ्यावर पडला, आणि अखनूर वाचले.

रणगाडा-दलात चाकरी करून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे एक गृहस्थ आम्हांस एकदा म्हणाले, "मास्तर, आत बसल्यावर आभाळ दिसत नाही. वरचा आवाज आपला की परका, हे कळेपर्यंत जीव मुठीत असतो." छांबच्या त्या सायंकाळचे वर्णन याहून वेगळे करता येणार नाही.

सहा वर्षांनंतर, १९७१ मध्ये, राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला येथे चित्र पालटले. ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या पंजाब पलटणीच्या एका तुकडीवर पाकिस्तानी रणगाड्यांची झुंड चालून आली. जैसलमेरच्या तळावरील हंटर विमानांस रात्री मारा करता येत नव्हता, म्हणून सूर्योदयापर्यंत ठाणे धरून ठेवणे एवढाच उपाय होता. आणि त्या तुकडीने ते धरले. उजाडताच हंटर विमाने आली. लष्कराचे मेजर आत्मासिंग छोट्या कृषक विमानातून त्यांस लक्ष्य दाखवीत होते. उघड्या वाळूत रणगाड्यांस दडावयास जागा नव्हती. तीसहून अधिक रणगाडे निकामी झाले व चढाई मोडली. त्या वेळी आम्ही शाळकरी पोर होतो. रेडिओभोवती जमलेल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे अजून आठवतात.

दोन्ही ठिकाणी शौर्यास तोटा नव्हता. फरक होता तो परस्परांस ओळखण्याचा. लोंगेवाल्यास वरच्याला खालचा दिसत होता व खालच्याला वरच्याचा भरवसा होता. छांबला शूर माणसे एकमेकांस ओळखू शकली नाहीत, म्हणून आपल्याच माणसांवर घाव पडला. ज्ञातीच्या संसारासही हा धडा लागू आहे, असे आम्हांस वाटते.

ज्ञातिबांधवांनी सुट्टीत मुलांस नगरच्या रणगाडा-संग्रहालयात अवश्य न्यावे. तेथील पोलाद पाहून झाल्यावर त्यांस एकवार वर आकाशाकडे पाहावयास सांगावे, आणि त्या तिघा वैमानिकांची नावे सांगावीत.