मोजा वाळतो कसा? वाफ, फर्मा आणि बीडचा कापूस

मागच्या एका भागात आपण मुंबईच्या गिरण्यांच्या भोंग्यावर बोललो होतो. त्यावर गेवराईच्या एका श्रोत्याने प्रश्न पाठवला. प्रश्न साधा होता: "आमच्याकडे कापूस पिकतो, जिनिंग आहे, गाठी बांधल्या जातात. मग मोजे आणि बनियन तिरुपूरहून का येतात?"

याचं उत्तर मजुरी, भांडवल, राजकारण अशा बऱ्याच वाटांनी देता येईल. आज मी जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे, वाळवण्याच्या वाटेने. कापडाचा इतिहास सांगताना आपण चरखा सांगतो, माग सांगतो. पण कापूस ते कापड या प्रवासात माल किती वेळा ओला होतो आणि किती वेळा वाळवावा लागतो, हे कुणी सांगत नाही. कारखान्यात सगळ्यात जास्त कोळसा खाणाऱ्या कामांपैकी हे एक काम आहे.

सुरुवात मोज्यापासून करू. शाळेत असताना जून-जुलैत ओले मोजे आई रात्री चुलीजवळ टाकायची. सकाळी ते वाळलेले असायचे, पण आकसलेले, टाच एकीकडे, बोटं दुसरीकडे. पायात घालताना ओढून ओढून सरळ करायचे. आता हाच त्रास कारखान्याच्या नजरेतून बघा. विणलेलं कापड हे सगळं फासांचं असतं. ओलं झालं की ते फास सैल पडतात, आणि ज्या आकारात ते वाळतील तो आकार धरून बसतात. म्हणून मोजा नुसता वाळवून चालत नाही, त्याला आकारात वाळवावं लागतं.

इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं. त्यानंतर कित्येक पिढ्या मोजे वाळवायची रीत एकच होती. पायाच्या आकाराची लाकडी फळी घ्यायची, ओला मोजा तिच्यावर चढवायचा आणि अशा फळ्या गरम खोलीत उभ्या करायच्या. या कामाला इंग्रजीत 'बोर्डिंग' म्हणतात ते त्या फळीवरूनच. आपल्याकडे चपला करणारे कारागीर ज्याला फर्मा म्हणतात, तशीच ही वस्तू.

लाकडाच्या फर्म्याच्या अडचणी होत्या. ओल आणि ऊन आलटून पालटून मिळालं की लाकूड वाकतं, त्याला कुसळं निघतात, आणि तलम मोजा कुसळात अडकला की फास सुटलाच. शिवाय उष्णता बाहेरच्या हवेतून येते, त्यामुळे वेळ लागतो. पुढे धातूचे पोकळ फर्मे आले. बाहेरून गुळगुळीत पाय, आत वाफ सोडलेली. कामगाराने ओलसर मोजा चढवायचा, शिवण सरळ करायची, थोडा वेळ थांबायचं, ओढून काढायचा. पुढच्या फर्म्याकडे वळायचं. तोपर्यंत आधीचा वाळलेला असतो.

मग नायलॉन आलं. नायलॉनचे मोजे १९४० मध्ये अमेरिकेत बाजारात आले, आणि वाफेचं काम आणखी वाढलं. सुती मोज्याचा आकार धुतला की पुन्हा ढिला होतो. नायलॉनला मात्र वाफेच्या बंद पेटीत एकदा आकार दिला की तो टिकतो. म्हणून रंगवण्याच्या आधीच मोजे फर्म्यावर चढवून पेटीत घालायची पद्धत सुरू झाली.

आता इथे एक मिनिट थांबू. वाफच का? सरळ निखारे का नाहीत?

पहिलं कारण आगीचं. कापसाच्या कारखान्यात सगळीकडे तूस उडत असतं. ठिणगी पडली की संपलं. वाफ असली की भट्टी बाहेर, बॉयलर बाहेर, आणि आत फक्त पाइप येतो.

दुसरं कारण तापमानाचं. वाफेचा दाब ठरवला की तिचं तापमान ठरतं. हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाला वाफ साधारण १२० अंश सेल्सिअसला असते, त्याच्या वर जात नाही. म्हणजे व्हॉल्व्हवर हात ठेवून तुम्ही कापड पिवळं पडण्यापासून वाचवू शकता.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. पण १०० अंशाच्या एक किलो पाण्याची वाफ करायला लागतात जवळजवळ ५४० किलोकॅलरी. तेवढ्या त्या वाफेत दडून बसतात. ती वाफ फर्म्याच्या आतल्या गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं, आणि त्या ५४० किलोकॅलरी एकदम भिंतीला देऊन टाकते. भिंतीच्या बाहेर ओला मोजा बसलेला. त्याच्यातलं पाणी तीच उष्णता घेतं आणि वाफ होऊन उडून जातं. आत वाफेचं पाणी होतं, बाहेर पाण्याची वाफ होते. मध्ये फक्त धातूचा पातळ पत्रा.

याचाच अर्थ असा की एक किलो पाणी उडवायला कमीत कमी एक किलो वाफ खर्ची पडणार. प्रत्यक्षात गळती, थंड होणारे पाइप धरून त्याहून बरीच जास्त. हायड्रोत, म्हणजे गरगर फिरवून पिळणाऱ्या यंत्रात, पिळून काढलेल्या सुती मालातही त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरू शकतं. म्हणजे टनभर माल वाळवायचा तर शेकडो किलो वाफ. त्यासाठी कोळसा, आणि बॉयलरला घालायला चांगलं पाणी. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कोळसा आणि पाणी. बीडकडे वळलो की ते परत येणार आहेत.

मोज्याचं झालं. आता आपल्या महाराष्ट्रात हेच तत्त्व मोठ्या आकारात कुठे दिसतं? सायझिंगमध्ये.

मागावर चढवायचा उभा धागा, म्हणजे ताणा, कच्चा असेल तर घासून तुटतो. म्हणून त्याला खळ द्यावी लागते. हातमागाच्या काळात विणकर हे काम गल्लीत करायचे. लांबच्या लांब ताणा दोन टोकांना ताणून धरायचा, कुंच्याने खळ फिरवायची आणि उन्हात वाळू द्यायची. या कामाला पांजणी म्हणत. घरातली बायकापोरं सगळी त्यात. पावसाळा लागला की पांजणी अडली, आणि पांजणी अडली की माग अडला.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. सोलापुरात १८७७ मध्ये गिरणी आली, तिलाच पुढे लोक जुनी मिल म्हणू लागले. अशा गिरण्यांच्या सायझिंग खात्यात गल्लीतली पांजणी यंत्रावर आली. शेकडो धागे एकत्र खळीच्या हौदातून जायचे आणि तांब्याच्या मोठाल्या पोकळ सिलिंडरांना चिकटून फिरायचे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात असे दोन सिलिंडर असत, मोठा सुमारे ७ फूट व्यासाचा आणि लहान ४ फुटांचा. आत वाफ, बाहेर ओलं सूत. मोज्याच्या फर्म्याचाच मोठा भाऊ म्हणा.

या सिलिंडरचे नखरे फार. आत वाफेचं जे पाणी होतं ते बाहेर काढलं नाही, तर पाण्याचा थर साचतो आणि तेवढ्या भागात सूत ओलं राहतं. म्हणून पाणी जाऊ देणारा पण वाफ अडवणारा स्टीम ट्रॅप लावतात. दुसरी गंमत, खरं तर धोका, काम बंद केल्यावर. वाफ बंद झाली, सिलिंडर गार झाला, आतल्या उरलेल्या वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते. मग बाहेरच्या हवेचा दाब पातळ तांब्याला आत चेपू शकतो. त्यासाठी हवा आत घेणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. वाफ भरताना फुटायची भीती, सोडताना चेपायची. बॉयलरसाठी देशात १९२३ चा कायदा झाला आणि बॉयलरजवळ प्रमाणपत्र असलेला माणूस हवा हा नियम झाला, तो उगाच नाही.

आणि एक विचित्र गोष्ट. त्याच गिरणीत सायझिंग खात्यात वाफेने सूत वाळवायचे, आणि पलीकडे साचे खात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, धागा कोरडा पडून तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडायचे. एकीकडे भाजणारा उकाडा, दुसरीकडे दमट उकाडा. दोन्हीकडे माणूस उभा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती सुटी या दोन उकाड्यांतून मिळालेला एक दिवस होता, असं धरून बघा, म्हणजे तिची किंमत कळते.

मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू संपल्या, पण वाफेचं हे काम संपलं नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. यंत्रमाग घराच्या पडवीतही बसतो, म्हणून तिथे छोटे छोटे मागवाले पुष्कळ झाले. पण बॉयलर पडवीत बसत नाही. म्हणून सायझिंगचे कारखाने वेगळे निघाले, आणि मागवाले आपलं सूत तिकडून बीमवर गुंडाळून आणू लागले. २०१५ मध्ये सायझिंगच्या कामगारांनी किमान वेतनासाठी संप केला, तेव्हा शहरभरच्या मागांना त्याची झळ बसली. वाळवणारे हात थांबले तर विणणारे हात चालत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता गेवराईच्या प्रश्नाकडे येऊ.

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात कापड गिरण्या नव्हत्या असं नाही. गुलबर्ग्याला महबूबशाही मिल, आपल्या नांदेडला उस्मानशाही मिल. दोन्ही गावं नकाशावर बघा, दोन्ही रेल्वेवर आहेत. सोलापूरलाही रूळ १८६० मध्येच पोचले होते. कारण उघड आहे. गिरणीला कापूस बैलगाडीने आणता येतो, पण रोजचा कोळसा बैलगाडीने आणून बॉयलर चालवणं परवडत नाही. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी लाइन १९०० च्या सुमारास झाली. ती बीडच्या उत्तरेकडून निघून गेली. बीड शहर बाजूला राहिलं. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, सगळा कापसाचा पट्टा बाजूला राहिला.

जिल्ह्यात रूळ होते, पण पूर्वेच्या टोकाला, परळीत. आणि जिथे कोळसा येऊ शकत होता तिथेच वाफ आली. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झालं. कापड वाळवायला लागते त्याच्या कितीतरी पट वाफ तिथे रोज तयार होऊ लागली. तिची वीज झाली आणि तारांवरून राज्यभर गेली. आणि पाणी? २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले. तेव्हा मी म्हटलेले दोन शब्द आठवा. बीडकडे बराच काळ कोळशाची वाट नव्हती, आणि जिथे ती होती तिथे पाणी दगा देतं.

मग बीडच्या कापसाचं काय होतं? सरकी निघते, रुई होते, गाठ बांधली जाते आणि गाडीत बसते. जिनिंग-प्रेसिंग हे सगळं कोरडं काम आहे, त्याला फक्त यंत्र फिरवणारी ताकद लागते. पुढचं धुणं, रंगवणं, खळ देणं, वाळवणं हे ओलं काम आहे, आणि कापसाची किंमत चढते ती बरीचशी या ओल्या कामात. ते दुसरीकडे होतं. तिरुपूरमध्ये १९२५ च्या सुमारास विणाईचा पहिला कारखाना निघाला. आज तिथे बनियनचं गोल विणलेलं कापड वाफेवर तापलेल्या रुळांतून दाबून काढतात, कॅलेंडरिंग म्हणतात त्याला. वाळलेलं, इस्त्री केल्यासारखं कापड घडी होऊन निघतं आणि बनियन होऊन बीडच्या दुकानात येतं.

शेवटची गोष्ट, मला सगळ्यात जास्त टोचणारी. कापूस कधीच पूर्ण कोरडा नसतो. हवेतून तो ओल घेतच असतो. व्यापारात ही ओल ८.५ टक्के धरतात. सायझिंगवरून उतरणाऱ्या सुतातही साधारण एवढीच ओल ठेवतात, जास्त भाजलं तर धागा ठिसूळ होतो. म्हणजे कारखानदार वाफेच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून हा आकडा साधतो.

आता खरेदी केंद्रावर या. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात, आणि १२ च्या वर माल परत. ग्रेडर ओलावा मोजायचं मीटर कापसात खुपसतो आणि शेतकरी त्या काट्याकडे बघत उभा असतो. दिवाळीत अवकाळी आला तर ही ओल त्याने कशाने काढायची? अंगणात, पत्र्यावर, शाळेच्या व्हरांड्यात कापूस पसरायचा आणि उन्हाची वाट बघायची. म्हणजे आकडा जवळजवळ तोच. एकाच्या हातात त्यासाठी बॉयलर आहे, दुसऱ्याच्या हातात फक्त आभाळ.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुरू झाली. सोलापूरला रूळ पोचल्यानंतर १६५ वर्षांनी. आता बॉयलर कोळशावरच चालायला हवा असंही नाही, आणि रेल्वे आली म्हणून उद्या मोज्याचा कारखाना निघेल असंही मी म्हणणार नाही. पाण्याचा प्रश्न आहे तिथेच आहे. पण गेवराईच्या दादांना एवढं नक्की सांगेन: बीडच्या माणसात काही कमी होतं म्हणून मोजे इथे झाले नाहीत, असं नाही. मोजा विणायला हात पुरतात, पण वाळवायला कोळसा आणि पाणी दोन्ही एका जागी लागतात, आणि ते आपल्या वाट्याला वेळेवर आले नाहीत.

तुमच्या घरात कुणी सायझिंगला, बॉयलरवर किंवा जिनिंगमध्ये काम केलं असेल तर त्यांच्या आठवणी जरूर कळवा. विशेषतः पांजणी बघितलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आम्हाला नाही पाठवलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर, मोजे वाळत घालताना टाच सरळ करायला विसरू नका.