शिदोरी आणि विहीर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नातवाने मला एक छोटासा प्रोग्रॅम करून दिला होता. शिवकालातल्या घटनांवर मुलांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर तपासायचे, एवढेच त्याचे काम. पेनड्राइव्ह खिशात घालून मी हौसेने एका खेड्यातल्या शाळेत गेलो. मुले जमली, माझी प्रस्तावना झाली, बटण दाबले, आणि पडद्यावर चौकट उमटली : अमुक एक डीएलएल फाइल सापडत नाही. तिथे इंटरनेटही नव्हते. पोरे हसली, मी ओशाळलो.

घरी येऊन नातवाला फोन केला. "आजोबा, ती फाइल माझ्या मशीनवर होती म्हणून इथे चाललं. स्टॅटिक लिंक करायचं राहिलं." रात्रीच त्याने नवी फाइल पाठवली. आकाराने बरीच मोठी, पण कुठेही चालणारी. मी पडलो इतिहासाचा मास्तर, 'असे का' हे कळल्याशिवाय चैन पडेना.

तर समजले ते असे. प्रोग्रॅम लिहिणारा सगळे स्वतः लिहीत नाही, तयार लायब्रऱ्या वापरतो. त्या प्रोग्रॅममध्येच बांधून दिल्या की स्टॅटिक लिंकिंग. ही झाली शिदोरी. चालवताना ज्याच्या त्याच्या संगणकावरून घेतल्या की डायनॅमिक. ही गावची विहीर. विंडोजवर या विहिरींना डीएलएल म्हणतात. विंडोज ९५-९८ च्या काळात एक प्रोग्रॅम बसवताना दुसऱ्याची डीएलएल पुसली जाई. म्हणून शिदोरीचे महत्त्व.

पण ती बांधायची हत्यारे मूळची विंडोजची नव्हतीच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८७ साली त्याचा जीसीसी हा कंपायलर आला, तो युनिक्सच्या जगात. १९९५ साली सिग्नस कंपनीत सिगविनचे काम सुरू झाले. त्याने युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर आणले खरे, पण बरोबर सिगविनची डीएलएल बाळगावी लागे. १९९८ साली कॉलिन पीटर्स यांनी मिनजीडब्ल्यू आणले. त्याचे प्रोग्रॅम विंडोजबरोबर येणाऱ्या डीएलएलवरच भागवत. बाकीच्या लायब्रऱ्या मात्र एकेक करून, योग्य क्रमाने, हाताने बांधाव्या लागत. २००७ साली फोल्कर ग्राब्श यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाने, ज्याला पुढे एमएक्सई नाव मिळाले, हे कष्ट वाचवले. लिनक्सवर बसून, मूळ सोर्स उतरवून, विंडोजसाठीची शिदोरी एका आज्ञेत तयार!

एवढे वाचून मला शिदोरीवाल्यांचे फार कौतुक वाटले. मग नातवाने २००२ ची हकिगत सांगितली. झेडलिब ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी असंख्य प्रोग्रॅममध्ये आहे. त्या मार्चमध्ये तिच्यात सुरक्षेचा एक दोष जाहीर झाला. जिथे विहीर होती तिथे ती एकदा उपसली की काम झाले. पण ज्यांनी झेडलिब आत बांधून घेतली होती, तो प्रत्येक प्रोग्रॅम शोधून नव्याने बांधावा लागणार होता. शिदोरीतला पदार्थ विटला तर गावात सांगून उपयोग काय?

हे ऐकले आणि मी गप्प झालो. त्या रात्री झोप लागली नाही.

आम्ही शाळेत शिकलो ते शिवजन्माचे साल १६२७. नोकरी लागल्यावर मीही कित्येक वर्षे तेच शिकवले, छातीठोकपणे. पुढे २००१ साली राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. पुस्तके बदलली, मीही बदललो. पण माझ्या हातून शिदोरी घेऊन गेलेली ती शेकडो पोरे? ती आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती कोण पोचवणार? १६२७ सांगितले याचे दुःख नाही, तेव्हा पुस्तकच ते सांगत होते. "हे तपासत राहा" एवढे एक वाक्य बरोबर बांधून दिले नाही, याचे आहे.

नातवाला सांगितले, कोणत्या लायब्रऱ्या बांधल्यास, कोणत्या आवृत्तीच्या, याची यादी फाइलीसोबत देत जा. तो हसला, पण देतो हल्ली.

असो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर १६२७ खोडून १६३० करा. आणि तेही तपासून घ्या.