वल्द, जौजे, बेवा : मोहाडीच्या दप्तरातले पूर्वज

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक वाङ्मयप्रकार विसाव्या शतकात चांगलाच रुजला. मूळपुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मग शाखावार वंशावळी आणि शेवटी घराण्यातील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, असा त्याचा साचा ठरलेला आहे. वाङ्मयेतिहासकारांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, हे एकवेळ समजू शकते. मात्र हे ग्रंथ प्रामुख्याने ज्यांच्यापाशी सनदा, इनामपत्रे, महजर, निदान जुना पत्रव्यवहार होता, अशाच घराण्यांचे निघाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या घरात लिहिलेला कागद कधी आलाच नाही, त्या घराचा पूर्वज कुठे शोधायचा? हा प्रश्न आम्ही येथे भंडारा जिल्ह्यातील मोहाडीपुरता विचारू पाहतो.

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना, वैनगंगेच्या पश्चिमेस मोहाडी लागते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. मोहाडी आणि त्याच तालुक्यातील आंधळगाव ही जुनी विणकरांची गावे; सुती लुगडी आणि कोशाचे कापड ही त्यांची ओळख. देवांग कोष्ट्यांची कुलदेवता मानल्या जाणाऱ्या चौंडेश्वरीचे देऊळ मोहाडीत आहे. राज्ये मात्र या गावावरून पुष्कळ गेली. देवगडचे गोंड राजे, मग नागपूरकर भोसले, १८५४ पासून इंग्रज, १८६१ पासून मध्यप्रांत, स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही. त्याचे कागद मात्र दर वेळी निराळ्या सरकारच्या कपाटात गेले.

तुलनेसाठी स्वीडनकडे पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण पूर्वजशोधाच्या बाबतीत त्या देशाइतका सुदैवी देश क्वचितच असेल. १६८६ च्या चर्च कायद्याने तेथील प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावांच्या, पाद्र्यावर नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकली. जन्म, विवाह, मृत्यू यांच्या जोडीला तो घराघरातील माणसांची धर्मज्ञानाची परीक्षा घेई आणि त्या परीक्षेच्या वहीत घरातले प्रत्येक माणूस, अगदी गडी-मोलकरणीसुद्धा, नोंदवले जाई. कोण कोणत्या गावाहून आले, कुठे गेले, हेही तीत असे. ही व्यवस्था १९९१ पर्यंत चर्चकडेच होती. विल्हेल्म मोबर्गने १९४९ ते १९५९ या काळात स्मोलांडमधील ल्युडेर पॅरिशच्या शेतकऱ्यांवर, त्यांच्या अमेरिकेतील स्थलांतरावर, चार कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या हाताशी असा नोंदींचा भरभक्कम प्रदेश होता. आपल्याकडच्या ग्रामीण कादंबरीकाराला तो लाभलेला नाही.

याचा अर्थ मोहाडीत नोंदीच नव्हत्या असा नाही. पाद्री आत्म्यांचा हिशेब ठेवीत होता; येथे हिशेब होता तो साऱ्याचा आणि मरणाचा. भंडारा जिल्ह्याच्या जमाबंदीचा ए. जे. लॉरेन्स यांचा अहवाल १८६७ सालचा आहे. या बंदोबस्ताने मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले आणि गावोगावच्या मिसली तयार झाल्या. त्यांत मालगुजार सापडतो, त्याच्या खालोखाल कूळ सापडते. ज्याचे सारे विश्व माग, धोटा आणि उधारीवर आणलेले सूत एवढेच होते, तो विणकर या कागदांत सापडला तर आबादीतल्या घरापुरता. जनगणना झाल्या, जातवार आकडे छापले गेले; परंतु माणसांची नावे असलेली मूळ पत्रके जपण्याची रीत आपल्याकडे नव्हती. आकडा उरला, नाव गेले.

विणकराचे नाव उरले ते एका भलत्याच वहीत, कोतवाल पंजीत. मध्यप्रांतात गावातील जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर पोचविण्याचे काम कोतवालाकडे असे. हा कोतवाल बहुधा महार समाजातला, बहुधा निरक्षर. नोंद दुसऱ्याच कुणीतरी करायची आणि वही त्याने वाहायची. ज्याचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्याच्याच हातून गावाची वंशावळ ठाण्यावर पोचत होती, हा विरोधाभास आमच्या सामाजिक इतिहासात फारसा कुणी नोंदवलेला दिसत नाही. नोंद अतिशय त्रोटक असे. तारीख, अमुक वल्द तमुक, जात, वय, मृत्यूचे कारण. कारणही ठरावीक: ताप, हैजा, देवी, हगवण. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांच्या काळात या ओळी दाटीवाटीने येतात. पण ‘ताप’ या एका शब्दात भूक किती आणि रोग किती, हे वही सांगत नाही.

जन्माच्या नोंदीत तर पुष्कळदा मूल निनावीच राहते. बारसे व्हायच्या आत खबर गेलेली असते, म्हणून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच आणि पुढे बापाचे नाव. आडनावाचाही भरवसा नाही. स्वीडनमध्येही १९०१ च्या कायद्यापर्यंत आडनाव सार्वत्रिक नव्हते. अँडर्सचा मुलगा तो अँडर्सन, मुलगी ती अँडर्सडॉटर. परंतु ती मुलगी लग्नानंतरही बापाच्या नावानेच नोंदली जाई, त्यामुळे आईकडून आजीकडे, आजीकडून पणजीकडे जाता येते. मोहाडीची स्त्री कागदावर येते ती ‘जौजे’ म्हणून, नवरा गेला की ‘बेवा’ म्हणून. तिचे माहेर कुठले, हे विचारायला वहीत रकानाच नाही. त्यामुळे आपला पूर्वजशोध हा मुख्यतः बापांचा शोध ठरतो, आणि निम्मे पूर्वज पहिल्याच पिढीत हातातून सुटतात.

हे सारे केवळ जिज्ञासेपुरते असते तर गोष्ट वेगळी होती. विदर्भातील विणकर घरांसाठी त्या त्रोटक नोंदीतील जातीचा रकाना आज निर्णायक झाला आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांताच्या जातिजमातींवरील ग्रंथात कोष्ट्यांची हलबी ही पोटजात दिलेली आहे आणि तिचे मूळ हलबा जमातीशी जोडलेले आहे. या आधारावर हलबा-कोष्टी समाजाने अनुसूचित जमातीचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद’ या खटल्यात तो अमान्य केला: राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचायची, तीत बदल केवळ संसदच करू शकते. राज्याच्या २००१ पासून लागू झालेल्या जात पडताळणी कायद्याने पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर टाकला. २४ मार्च २०२३ च्या निकालाने १९५० पूर्वीच्या कागदांचे वजन पुन्हा अधोरेखित केले. त्याच वर्षी कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचे महत्त्व अचानक वाढले.

या दाव्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. राखीव जागा आपल्या हातून जातात, ही जंगलभागातील आदिवासींची तक्रार खरी आहे. आणि पणजोबाच्या मृत्यूच्या नोंदीत लिहिणाऱ्याने ‘कोष्टी’ लिहिले की ‘हलबी’, यावर पणतीचा प्रवेश ठरतो, ही त्या घराची घालमेलही खरी आहे. आमचे म्हणणे नोंदीच्या वाचनाविषयी आहे. ‘कोष्टी’ हा शब्द मृताने उच्चारलेला नाही. तो त्याच्या मागाकडे पाहून लिहिला गेला, की शेजाऱ्याला विचारून, की मागच्या ओळीवरून, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला शिकवतो की संहितेला कर्ता असतो, प्रसंग असतो, वाचक असतो. कोतवाल पंजीलाही ही तिन्ही आहेत. तिचा अपेक्षित वाचक ठाणेदार होता, पणती नव्हे.

आज या वहीकडे लोक जातात ते दाखल्यासाठी, आणि हवी ती ओळ मिळाली की बाकीच्या पानांची गरज संपते. खरे तर त्या बाकीच्या पानांतच मोहाडीचा इतिहास आहे: कोणत्या वर्षी किती मुले गेली, विणकर घरे केव्हा विरळ झाली, १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर वल्द-जौजेच्या ओळींतून कोण नाहीसे झाले. असा कुलवृत्तांत एका घराण्याचा होणार नाही, एका गावाचा होईल. आणि त्यात ती वही वाहून नेणाऱ्या कोतवालाचे नावही, जिथे सापडेल तिथे, लिहावे लागेल.